छोट्या पात्याची निवड

झाडांना विचारूनच तोड करायची रीत होती, तेव्हाची ही गोष्ट. ठेकेदाराने दोन चेनसॉ आणले, एक लांब पात्याचा आणि एक वीतभर पात्याचा. "कुठला चालवू?" त्याने विचारलं. उत्तर द्यायचा मान फक्त म्हाताऱ्या झाडांचा होता.

जुन्या सागाशेजारी ऐनाचं एक कोवळं झाड उभं होतं.

"छोटाच बरा," जुना साग म्हणाला. "त्याने नुसतं जळण निघतं."

"आजोबा, जळण म्हणजे कोण?"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, बाळा."

ऐनाने सागाचा घेर पाहिला. छोटं पातं त्याच्या गाभ्यापर्यंतही पोचलं नसतं. मग त्याने स्वतःचं खोड पाहिलं. ते वीतभर जाडही नव्हतं.

ठेकेदाराने दोरी ओढली. छोटा चेनसॉ घरघरला. सगळी म्हातारी झाडं आभाळाकडे बघू लागली.