करपलेली भाकरी कुणाच्या ताटात?

एका गावात एक गोजराबाई होती. तिच्या भाकरीचं नाव पंचक्रोशीत होतं. टम्म फुगलेली, अलगद पापुद्रा सुटलेली. पण चुलीवर रोज एखादी करपायचीच, आणि घरात एक रीत होती. करपलेली भाकरी बाईनं खायची. "काळं खाल्लं की बाई काटक होते," असं सासूनं सांगितलं आणि गोजराबाईनं ते जन्मभर खाल्लं. घसा जळायचा, पण तिनं कधी चकार शब्द काढला नाही. उलट त्याचाच तिला तोरा होता.

पुढं घरात सून आली, शेवंता. तिला दिवस गेले. आता चुलीपुढं ती बसायची.

एके दिवशी बापलेक जेवायला बसले. "शेवंते, मीठ आण," मुलगा दाजीबा म्हणाला. ती उठली. येऊन बसते तोच, "पाणी आण." ती परत उठली. तेवढ्यात तव्यावरची भाकरी काळीठिक्कर पडली.

दाजीबा हसला. "माहेरी कोळशाची वखार होती का गं? घे आता तुझ्या ताटात."

शेवंतानं मुकाट्यानं घेतली. गोजराबाईची नजर सुनेच्या पोटावर गेली आणि घशात जुनी जळजळ उसळली. तिनं ती भाकरी उचलली आणि लेकाच्या ताटात टाकली.

"आई, हा कोळसा मी खाऊ?"

"का रे? काटक होशील."

"पोटाला बाधेल की."

"तुझ्या पोटाला बाधतं, आणि ती दोन जिवांची, तिला नाही बाधत? शिवाय करपवली कुणी? हाका तू मारल्यास."

नवरा रखमाजी म्हणाला, "अगं, तूही खाल्लीसच की. काय झालं तुला?"

"हे आज विचारताय होय? रोज घसा जळत होता."

गोजराबाईनं भाकरी चुलीत फेकली. "एखादा डाग पडला तर खरवडून खावा, त्यानं कुणी मरत नाही. पण रोजचा कोळसा माणसाच्या पोटात घालायचा नाही. ही रीत मी पाळली, आता मीच मोडते."

दुसऱ्या दिवशी बापलेकांनी मीठ-पाणी आधी घेतलं, मग पाट मांडले. भाकरी करपली नाही. गोजराबाई जेवायला बसली. ताठ मानेनं तिनं ऊन ऊन भाकरी खाल्ली आणि मोठ्यानं म्हणाली, "आणखी अर्धी. दाजीबा, ऊठ, तू वाढ."

दाजीबा उठला.

तात्पर्य: जे आपल्या पोटाला बाधतं, ते घरातल्या बाईच्या ताटात सरकवू नये, आणि बाईनंही ते गुमान गिळण्यात मोठेपणा मानू नये.