हिराय आणि खोताचा अंगठा

ऐका. खाडीला तेव्हा बांध नव्हता आणि भरतीचं पाणी अंगणात येऊन परत जायचं. फार वर्षांपूर्वीच्या त्या दिवसांत खारमाळ गावात हिराय नावाची वैदीण होती. तिला मूलबाळ नव्हतं, पण सगळा गाव तिला आयच म्हणायचा. तिचा पाय घरात ठरत नसे. सकाळी या पाड्यावर, दुपारी खाडीपलीकडे. असं म्हणतात, ती चिखलातून गेली तरी मागे पाऊल उमटत नसे.

गावचा खोत राणोजी. मिठागरं त्याची, शब्द त्याचा. पदी नावाची एक विधवा त्याच्या मिठागरात राबायची. एकदा रागाच्या भरात खोताने लाथ मारून तिची मिठाची टोपली उडवली. पदी उभी राहून म्हणाली, “ज्या पायानं माझं मीठ उडवलंस, तो पाय तुला झोपू देणार नाय!”

पुढे जत्रा आली. खोताच्या अंगणात बोकड कापले. खोत काळीज खात होता, वर ताडी पीत होता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्याच्या वाड्यातून किंकाळी उठली. उजव्या पायाचा अंगठा सुजून लाल झाला होता, तव्यासारखा तापला होता. धोतराचा सोगा लागला तरी खोत ओरडे. असं म्हणतात, ओसरीवरून कोंबडी पळाली तरी त्याला ती अंगठ्यावरून गेल्यासारखी वाटे.

गाव कुजबुजायला लागला. पदीची करणी! माणसं नुसती या दारातून त्या दारात फिरत होती. कुणाच्या घरी चूल पेटली नाही. शेवटी गडी उठले, त्यांनी पदीचे हात बांधले. ओहोटी लागली की तिला बिनवल्ह्याच्या होडीत घालून समुद्राकडे सोडायचं ठरलं.

हिरायला पलीकडच्या पाड्यावर कळलं. ती धापा टाकत खोताच्या दारात आली. खोत बाजेवर तळमळत होता. तळमळताना त्याचं कोपर बाजेच्या खुरावर आपटलं, आणि कोपरावरची जुनी गाठ फुटली. आतून रक्त आलं नाही. भिजल्या चुन्यासारखं पांढरं काहीतरी आलं. काहीजण तर सांगतात, मूठभर मीठच सांडलं.

हिरायने विचारलं, “ही गाठ कधीची?”

“बरीच वर्षं झाली.”

“आणि अंगठा? याआधी कधी असा पेटला होता?”

खोताने तोंड भिंतीकडे फिरवलं. बाहेर पाणी उतरायला लागलं होतं.

“बोल बाबा, तिकडं बाईचा जीव जातोय!”

“गेल्या शिमग्याला,” खोत पुटपुटला. “त्याच्या आधीही. माझ्या बापालाही व्हायचं.”

“तुझ्या बापाच्या वेळी पदी कुठं होती?”

खोताने डोळे मिटले. “जन्मलीही नव्हती.”

“मग ऐक. आपल्या रक्तात रोज थोडा मळ तयार होतो. पाठीतल्या दोन गाळण्या तो लघवीतून बाहेर टाकतात. गाळण्या कमी पडल्या, की मळ साचतो. काळीज, मटण, ताडी त्यात भर घालतात. पायाचा अंगठा म्हणजे अंगाचं गार टोक. मिठागराच्या कोंड्यांत, त्या वाफ्यांत, पाणी आटून मीठ धरतं ना, तसे तिथं सुयांसारखे खडे धरतात आणि सांधा पेटतो. कुणाच्या शापानं नाय.”

खोताने गड्यांना हाक मारली. चौघांनी बाज उचलली. प्रत्येक हिसक्याला तो ओरडत होता, तरी “थांबू नका” म्हणत होता. किनाऱ्यावर पोचले तर होडी सुटलेली. खोत गळा फाटेस्तोवर ओरडला, “करणी नाय! दुखणं माझंच आहे!”

हिराय थांबलीच नाही. ती चिखलावरून धावली आणि पुढे, असं म्हणतात, पाण्यावरून धावली. होडीचा दोर दातात धरून तिने पदीला माघारी आणलं.

मग तिने खोताचा पाय उशीवर उंच ठेवला, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, भरपूर पाणी पाजलं. हळूहळू कळ गेली. खोत हसला, तेव्हा हिराय म्हणाली, “कळ गेली, मळ नाय गेला.” त्याने ऐकलं नाही, पुन्हा काळीज खाल्लं, पुन्हा किंचाळला. त्यानंतर मात्र ऐकलं.

खोताने पदीची माफी मागितली. पदीने ती ऐकून घेतली आणि दुसऱ्याच्या मिठागरात कामाला गेली. हिराय एका पौर्णिमेला पलीकडच्या पाड्यावर निघाली, ती कुणालाच परत दिसली नाही.

आजही खारमाळच्या जत्रेत बोकडाच्या पंगतीआधी हिरायची पंगत बसते. भाकरी, दुधीची भाजी, ताक. ज्याचा अंगठा दुखतो तो तिथे न लाजता बसतो. तालुक्याचे डॉक्टर त्या दुखण्याला गाउट म्हणतात आणि मळाला युरिक ॲसिड. ते रक्त तपासून गोळी देतात. पंगतीत वाढणाऱ्या बाया दटावतात, बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडायची नाय.

आणि गावात कुणाला अचानक काही दुखायला लागलं, तर कुणी केलं असं विचारत नाहीत. हिरायचं नाव घेतात, जवळ बसतात आणि म्हणतात, “कुठं दुखतंय? दाखव.”