दारावरचा ओघळ

मोटारींची दारंही एकमेकांशी भांडायची, त्या काळातली ही गोष्ट. एका गॅरेजात दणकट इंजिनाची जुनी लाल गाडी पुन्हा उभी राहत होती. तिचं डावं दार मूळ कारखान्यातलं. उजवं गंजून गेलं, म्हणून मिस्त्रीनं नवं घडवून बसवलेलं.

"माझ्या कडेला कारखान्यातल्या रंगाचा ओघळ आहे," डावं दार ऐट करी. मिरवायचं तरी कशाचं, बाई! "तुझ्याकडे काय आहे? उद्या जुन्या गाड्यांचा पारखी येईल नि तुला भंगारात टाकायला सांगेल."

नवं दार घाबरून रंगाच्या डब्यातल्या कुंचल्याला म्हणालं, "कुंचलेदादा, मलाही तस्साच ओघळ काढून दे ना."

कुंचला खो-खो हसला. "अरे वेड्या, तो ओघळ म्हणजे कारखान्यातल्या रंगाऱ्याची डुलकी! त्या दारासारखं व्हायचंय, तर दाराचं काम उचल. डुलकी कशाला उचलतोस?"

दुसऱ्या दिवशी पारखी आला नि नव्या दाराला म्हणाला, "तू मूळचं का रे?"

"नाही," नवं दार धीर करून म्हणालं. "मला इथल्या मिस्त्रीनं घडवलंय."

पारख्यानं ते ओढून लावलं. कुठे फट राहिली नाही. "खरं बोलतं नि घट्ट लागतं. राहू दे."

गाडी मजेत रस्त्याला लागली. थोड्या वेळानं डावं दार हळूच म्हणालं, "काय रे, तुझ्या त्या मिस्त्रीला माझी ढिली बिजागरी दाखवशील का?"