फुकटची धाव

"बॉल येतच नाही, गुरुजी. मग रोज पळायचं कशाला?"

र्योसेन गुरुजींनी मठाच्या ओसरीवर भाताचा वाडगा कुनिहारुपुढं सरकवला. एवढ्या मोठ्या टीममध्ये तुला पोटभर घालत नाहीत का रे, एवढंच विचारलं.

कुनिहारु जपानातल्या एका कोळ्यांच्या गावचा. या मठाच्या अंगणातच गुरुजींनी त्याला बेसबॉल शिकवला. आई बंदरावर मासे साफ करायची. बोटं चिरायची, सुजायची, पण पोराचा खेळ तिनं सुटू दिला नाही. अठराव्या वर्षी मोठ्या टीमनं त्याला घेतलं.

त्याची जागा मैदानाच्या पार टोकाला. आतल्या गड्यानं साथीदाराकडं बॉल फेकला, की यानं लांबून धावत त्या साथीदाराच्या पाठीमागं जायचं. चुकून सुटलाच तर अडवायला. पण सुटणार कुठला? सगळे पट्टीचे खेळाडू. वर्षानुवर्षं हा नुसता पळाला, नुसता परत आला.

एके दिवशी तो पळाला नाही.

नेमका तेव्हाच बॉल सुटला. सामना गेला. मैदान सोडताना वाकून नमस्कार करायची तिथं रीत आहे. हा न वाकताच निघाला. दुसऱ्या दिवशी त्याला खालच्या टीममध्ये टाकलं. तसा तो थेट इथं, गुरुजींकडं आला.

"मी परत जात नाही," कुनिहारु म्हणाला. "मामाच्या होडीवर जातो. आईला तुम्ही सांगा..."

गुरुजी उठले. चल, मामापर्यंत सोडतो, म्हणाले.

मठाच्या पायऱ्या दगडी, शेवाळलेल्या. गुरुजींची ऐंशी उलटलेली, तरी काठी घ्यायची नाही हा हट्ट. ते पुढं, कुनिहारु एक पायरी मागं. त्याचं बोलणं चालूच होतं. प्रशिक्षक असा, नशीब तसं, इतकी वर्षं फुकट गेली...

पायऱ्या संपल्या. तिथून एक रस्ता बंदराकडं जातो, एक टीमच्या गावी जाणाऱ्या बसच्या थांब्याकडं.

गुरुजी थांबले. मान वळवून बघितलं. कुनिहारुचा हात त्यांच्या पाठीशी उघडा धरलेला होता. टेकलेला नाही, नुसता धरलेला.

"मी पडलो का रे?"

"नाही, गुरुजी."

"मधे कुठं घसरलो?"

"नाही..."

"मग हा हात वरपासून इथवर कशाला आणलास?"