पांढरं तूप

"त्या गावात म्हणे काल एकाही घरी चूल पेटली नाही. जन्मात एक प्रवचन न केलेल्या माणसासाठी! भिवापाशी होतं तरी काय, महाराज?"

विश्वंभरने केवलगीर महाराजांना विचारलं.

विश्वंभर त्यांचा लाडका शिष्य. तो बोलायला बसला की म्हातारेकोतारेही पेंगायचं विसरत, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. भिवा त्याचा गुरुबंधू. मठाच्या एकाच ओसरीवर बसून दोघांनी वर्षानुवर्षं महाराजांकडून तेच ऐकलं होतं.

एकदा भरल्या सभेत विश्वंभरने त्याला उभं केलं. "सांग, काय शिकलास?"

भिवा नुसता हसला.

"कोरा आला, कोराच राहिला!" विश्वंभर म्हणाला. लोक खो खो हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिवा मठ सोडून लांबच्या एका गावी निघून गेला. आज त्या गावाहून निरोप आला, तो त्याच्या मरणाचाच.

महाराज उठले. स्वयंपाकघरातून तुपाच्या दोन वाट्या घेऊन आले. एकीत पिवळंधमक, दुसरीत पांढरंशुभ्र.

"हे गाईचं, हे म्हशीचं. सांग, हिरवा चारा जास्त कुणी खाल्ला?"

"गाईनं." विश्वंभरने पिवळ्या वाटीवर बोट ठेवलं. "रंगच सांगतोय की."

"दोघी एकाच कुरणात चरतात."

"मग म्हशीचा रंग गेला कुठं?"

"गवताच्या हिरव्यात पिवळं दडलेलं असतं. गाईला ते सगळं पचत नाही. उरतं ते तुपात दिसतं. म्हैस..."

महाराजांनी पांढरी वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"म्हैस काय?"

"सगळं पचवते."

...

विश्वंभरने पांढरी वाटी उचलली आणि तिच्याकडे बघत राहिला. त्याला भिवाचं ते हसू आठवलं. त्या हसण्यात राग नव्हता, हे त्याला आज कळत होतं. आता पाय धरायचे तरी कुणाचे?

त्याने वाटी खाली ठेवली.

"महाराज, त्या सभेत तुम्हीही होतात. मला थांबवलं का नाहीत?"

बाहेर गोठ्यात म्हैस रेकली. महाराजांची मान खाली गेली.

"रंगाला भुलून पाहुण्यांच्या पानात मीही कायम पिवळंच वाढत आलो, बाळा."