रानाकडं पाठ करून बसायचा कातळ

नदीकाठच्या रानात शिरायच्या आधी वाटेवर एक चपटा काळा कातळ लागतो. रान बघायला आलेल्या प्रत्येकानं दुर्बीण खाली ठेवायची, रानाकडं पाठ करायची आणि डोळे मिटून तिथं घटकाभर बसायचं. का, असं विचारलं की वाट दाखवणारी ठकूबाई झोरे आधी जांभई देते, मग सांगते.

हे रान पूर्वी तिच्या सासरच्या कुणा जुन्या पूर्वजाच्या, कोंडजीच्या राखणीत होतं म्हणे. म्हशी राखाव्या, रान राखावं, जेवावं, निजावं, एवढंच त्याला ठाऊक. एकदा हैबतराव सरदार रान बघायला आला. सोबत दोन हत्ती, अकरा आचारी, ताशेवाले, आणि मागं शंभर कुऱ्हाडवाले. गडाला नवी दारं करायची होती.

"कोंड्या, जनावरं कुठायत?"

"हायती की सरकार. लाजत्यात जरा."

"मी येऊन उभा, आणि पुढं येत नाहीत? असलं रान ठेवायचं कशाला? परवा दिवस मावळेपर्यंत एक तरी दाखव. नाहीतर सगळं तोडून नेतो."

कोंडजी धावत सुटला. पहिल्या दिवशी गव्यांच्या मागं गेला, तर ताशा ऐकून गवे पार डोंगरापल्याड गेलेले. दुसऱ्या दिवशी झाडावर चढून त्यानं शेकरापुढं हात जोडले. शेकरानं सगळं ऐकून घेतलं असं सांगतात, पण ते आलं नाही. तिसऱ्या दिवशी अस्वलिणीच्या गुहेपाशी बसून तो म्हणाला, "बाई, नुसतं तोंड दाखव." आतून घोरणं ऐकू आलं. कोंडजीला तिचा राग नाही आला, हेवा वाटला.

दिवस कलला. कुऱ्हाडवाले पात्यांना धार लावत होते. पायाला फोड, घसा बसलेला, असा कोंडजी या कातळावर आला आणि रानाकडं पाठ करून बसला.

"दमलो बाबांनो," तो म्हणाला. "आता तुमचं तुम्ही बघा."

आणि त्याचा डोळा लागला.

सरदार तणतणत आला. लाथ घालायला पाय उचलला, पण तीन दिवस वाट बघून तोही आंबला होता. जरा टेकतो म्हणून शेजारी टेकला आणि आडवाच झाला. सरकार झोपले म्हटल्यावर ताशे थांबले. मग ताशेवाले झोपले, आचारी झोपले, कुऱ्हाडवाले झोपले. भिंतीसारख्या हत्तींनीही डोळे मिटले.

थोड्या वेळानं कोंडजीनं एक डोळा उघडला. सगळं रान माणसं बघायला आलं होतं. गवे ओळीनं बसलेले. सांबरीण पाडसाला पुढं करून नीट दाखवत होती. वानरं वरून उष्टी उंबरं टाकून कुणी खातंय का बघत होती. एका पाणमांजरीनं अर्धा खाल्लेला मासा सरदाराच्या पोटावर ठेवला आणि ती वाट बघत बसली.

सरदाराला उठवावं, तर जनावरं पळतील. न उठवावं, तर रान जाईल. कोंडजीनं हात उचलायचं ठरवलं. हात उचलला गेला नाही. डोळा परत मिटला.

सूर्य टेकला तेव्हा सरदार जागा झाला. पागोटं गायब, मांडीवर उंबर, पोटावर मासा, भोवती खुरांचा चिखल.

"कोण आलं होतं?"

"समदीच, सरकार. तुमास्नी बघत हुती."

"भीत होती?"

खोटं बोलायचंही त्राण कोंडजीत नव्हतं. "न्हाय. कीव आली असंल. तोंडातला घास दिलाय."

सरदारानं पोटावरचा मासा हातात घेतला. आजवर त्याला लोकांनी घाबरूनच जेवू घातलं होतं. मग अकरा आचाऱ्यांदेखत त्यानं तो मासा कच्चाच खाल्ला म्हणे. कुऱ्हाडवाल्यांना परत धाडलं आणि बोडक्या डोक्यानं निघून गेला. गडाला दारं झालीच नाहीत. त्यापायी पुढं गड पडला, पण ते सांगायला ठकूबाईला जीव राहत नाही.

आजही पाहुणे कातळावर पाठमोरे बसतात. सकाळपासून चालून दमलेले असतात, पेंगतात. जाग येते तेव्हा एखाद्याच्या मांडीवर अर्धं खाल्लेलं उंबर असतं. ते ठकूबाईच ठेवते, असं काही जण म्हणतात. पण मागं वळून बघावं, तर तोवर ती स्वतःच झाडाला टेकून झोपलेली असते, आणि तिच्या पोटावर मासा.