पानाची मागची बाजू

त्या मुलखात गिधाड ज्याच्या झाडावर येऊन बसे, त्याच्या दारी पुन्हा कुणी फिरकत नसे. शेजारी पाण्याचं मडकं पालथं घालीत, कळप वाट बदलीत, सोयरे लांबूनच हात जोडीत. दुष्टपणा नव्हता त्यात, ज्याला त्याला आपापल्या जिवाची भीती, इतकंच. पण कित्येक आजारी दुखण्यानं मरत नसत, गिधाड बसलं म्हणून मरत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

अशा मुलखात पाणोबा नावाच्या पाणमांजरानं शिंपल्यांचा कारखाना काढला. नदीच्या तळातला जोडशिंपला तो उकलायचा. अर्धा आजाऱ्याच्या गळ्यात, अर्धा वैद्य बगळ्याच्या. आजाऱ्याच्या छातीत ठोका पडला की तो बगळ्याच्या कानी पडे, मग मध्ये चार डोंगर का असेनात. ठोका चुकला की बगळा पंख पसरून निघालाच. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात, ते पाऊल आता लांबूनच ऐकू येऊ लागलं. किती जीव वाचले! पाणोबाचं हे पुण्य कुणी नाकारू नये.

याच कारखान्यात साळू नावाची साळिंदर बसे. शिंपले घासणं तिचं काम नव्हतं, औषध देणंही नव्हतं. कारखान्यावर बालंट येऊ नये म्हणून शब्दांचं कुंपण घालायचं, हे तिचं काम. आपल्याच पाठीचा काटा उपटून ती पळसाच्या पानावर कोरी: ‘माझे ठोके ऐकू द्यायला मी राजी आहे. ते वैद्याखेरीज कुणाच्या कानी पडणार नाहीत.’ ते पान खडकावर ठेवायचं, आजाऱ्यानं चिखलात बुडवलेला पंजा त्यावर दाबायचा, की पान खडकाला चिकटून बसे. कारखान्याची एक रीतही होती. नवं पान लिहिलं की पहिला पंजा लिहिणाऱ्याचा आणि पहिला शिंपला लिहिणाऱ्याच्या गळ्यात. ‘जे आपण खाणार नाही ते दुसऱ्याला वाढू नये,’ असं साळू म्हणे. ही रीत तिनंच पाडली होती आणि तिला तिचा मोठा अभिमान होता.

एके दिवशी गिधाडांचा म्होरक्या पाणोबाकडे आला. त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. आम्ही आभाळातून सगळा मुलूख बघतो, कुठे कोण आजारी आहे ते तुम्हाला सांगू. तुम्ही दर शिंपल्याचा एक पापुद्रा सोलून आम्हाला द्या, त्यातून ते ठोके आम्हीही ऐकू, म्हणजे आमचंही उगाच वणवण हिंडणं वाचेल.

पाणोबा साळूकडे आला. “साळूताई, वैद्याखेरीजची ती ओळ तेवढी खोडून टाका.”

“अहो, ती ओळ खोडली तर पंजा कोण ठेवील?”

“मग तुम्हीच काढा तोड. आणि आपण काय त्यांना मरण देतोय का? गिधाडांना नुसता अंदाज देतोय.”

साळू तीन दिवस कोऱ्या पानासमोर बसली. नाही म्हणता आलं असतं. पण अवघड गाठ दिसली की तिच्या बोटांना स्वस्थ बसवत नसे, खोड होती ती तिची. शेवटी तिनं ती ओळ खोडलीच नाही. ती होती तशी ठेवली आणि पानाच्या पाठीवर, शिरांच्या मधोमध, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं: ‘मात्र कारखान्याला योग्य वाटल्यास ठोके इतरांनाही ऐकवता येतील.’ खडकाला चिकटलेलं पान उलटून कोण बघतो? मग रीतीप्रमाणे तिनं पहिला पंजा ठेवला, नवा शिंपला गळ्यात घातला. पाणोबानं तोंडभरून शाबासकी दिली.

पहिला गेला तो तिच्याच शेजारचा टिटवा. त्याला साधा ताप होता हो! चार ठोके चुकले, बगळ्यानं मुळी चाटवली आणि म्हणाला, आठ दिवसांत उडायला लागाल. दुसऱ्याच दिवशी पाणथळीवरच्या बाभळीवर गिधाड येऊन बसलं. पाणथळ ओस पडली. एकटी टिटवी चोचीतून थेंब थेंब पाणी आणीत राहिली, पण एका चोचीत मावून मावणार किती? पाचव्या दिवशी टिटव्यानं वाटेकडे बघत मान टाकली.

तेराव्या दिवशी टिटवी साळूकडे आली. “साळूताई, मला मेलीला वाचता येत नाही. त्यांच्या पानावर काय लिहिलंय ते एकदा सांगाल?”

साळूनं खडकावरचं पान वाचून दाखवलं. “वैद्याखेरीज कुणाच्या कानी पडणार नाहीत.”

“मग त्या मुडद्या गिधाडाला कसं कळलं?” साळू पानावरचा चिखल खरवडू लागली. टिटवीनं पुन्हा विचारलं, “पानाच्या मागं काही असतं का हो?”

“पानाच्या मागं शिरा असतात, टिटवीबाई.”

खोटं नव्हतं ते. टिटवीनं मान हलवली. “तुम्ही सांगता म्हणजे तसंच असणार,” म्हणाली आणि गेली. साळूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर तिला ते ऐकू येऊ लागलं. मेलेल्यांचे शिंपले कारखान्यात परत येत आणि धुऊन दोरीला टांगले जात. भरदुपारी साळू त्यांच्याखालून गेली की एक शिंपला बोलायला लागे. ठक, ठक, मग चार ठोक्यांची रिकामी जागा, मग पुन्हा ठक. “वारा आहे हो,” पाणोबा म्हणाला. वारा नव्हता. तिनं कानांत शेवाळ कोंबलं, तर पाठीचे काटेच त्या तालावर वाजायला लागले. तिचं अन्न तुटलं. कुणी पंजा ठेवायला आलं की ती तोंड फिरवून उभी राहायची.

अखेर तिनं पाणोबाला गाठलं. “मागची ओळ काढते मी.”

“काढा की, नव्या पानांवरून खुशाल काढा. पण चिकटलेली पानं सोलू नका. पान फाटलं की शिंपला काढून घ्यायचा, हे तुम्हीच लिहिलंय.”

“मग मी टिटवीला सगळं सांगते.”

“सांगा ना. फक्त ‘कारखान्यातली गोष्ट बाहेर नेणार नाही’ या पानावर पहिला पंजा कुणाचा आहे, तेवढं आठवा.”

साळू घरी परतली. रीत तिची, अक्षर तिचं, पंजा तिचा. पण सकाळी उठली ती ठरवूनच. चुलीत गेलं ते पान, म्हणाली, आज टिटवीला सांगायचंच.

ती बिळाबाहेर आली. शेजारच्या सशिणीचं मडकं पालथं होतं. पलीकडच्या मुंगुसाचंही. वाटेवर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. अगं बाई, कुणाकडे बसलं आता, असं पुटपुटत ती कुंपणापर्यंत गेली, तर पलीकडे टिटवी उभी. तिची नजर वर लागली होती.

“साळूताई,” टिटवी हळूच म्हणाली, “वैद्यांनी काही सांगितलंय का तुम्हाला?”

“मला? मला काय झालंय?”

टिटवीनं चोचीनं वर दाखवलं. साळूनं वळून वर पाहिलं. तिच्या बिळावरच्या हिवराच्या झाडाच्या शेंड्याला गिधाड बसलं होतं. मान कलती करून, कानाशी पातळसा पापुद्रा धरून ते ऐकत होतं.

साळूच्या छातीत एक ठोका चुकला.

गिधाड एक फांदी खाली उतरलं.